बाहेर किती तापलं, नुसरत?

नुसरत,

तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडतेच आहे. आंघोळीला जाताना, भाजी चिरताना, कॉलेजचा जिना चढताना. मागच्या आठवड्यात तर उन्हाळी जादा वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मोठ्यानं बोलून गेले, "पण मग बर्फ काय वाईट आहे?" पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. त्यांना काय सांगू? अकोल्याची एक बाई माझं पुरतं ऐकून न घेता निघून गेली आणि माझं वाक्य तोंडातच राहिलं, असं सांगू?

शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोलले. पण खरं सांगते, मला मधूनच उभं राहून म्हणावंसं वाटत होतं, की ही बाई महाहट्टी होती आणि सोडियम सल्फेटबद्दलचं तिचं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. नाही म्हटलं. इकबालभाई समोरच बसले होते. नवरा म्हणून त्यांनी कदाचित पहिल्या भागाला मान डोलावली असती, दुसऱ्याबद्दल खात्री नाही.

आपलं भांडण तिऱ्हाइताला सांगायला गेलं तर तो हसेलच. पन्नाशी ओलांडलेल्या, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दोन बाया, एक अकोल्याच्या कॉलेजात, एक अमरावतीच्या, आणि वर्षानुवर्षं भांडतात कशावर, तर कोणती पांढरी पावडर टाकायची यावर. मुलं प्रयोगशाळेत एखादा पदार्थ तयार करतात. तो सॉल्व्हंटमध्ये विरघळलेला असतो आणि त्यात पाण्याचा अंश उरलेला असतो. ते पाणी ओढून घ्यायला एखादा कोरडा क्षार टाकायचा, मग गाळायचं. पुस्तकात त्याला ड्राइंग एजंट म्हणतात. तू 'वाळवण' म्हणायचीस. "कुरडई काय अन् एस्टर काय, ओलं डब्यात भरलं तर नासणारच नं वं!"

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच. मुलांच्या हाती सोडियम सल्फेट द्यावं. ते आम्लधर्मी नाही, अल्कधर्मी नाही, कोणाशी भांडत नाही, कोणाला खात नाही. शिकाऊ हातांना तेच बरं. तुझं म्हणणं, की सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी देणारा डॉक्टर आपण घरात घेऊ का? पदार्थ बघायचा, सॉल्व्हंट बघायचं, आणि तिसरं जे कोणत्याच पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं, ते बघायचं. तुझ्या प्रयोगशाळेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला तू पहिला प्रश्न तोच विचारायचीस. नाव नाही, रोल नंबर नाही. "पहिले हे सांग, बाहेर किती तापलं?"

यंदा या भांडणाला धार आली. आपल्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांनी मिळून प्रात्यक्षिकांची एकच पुस्तिका करायचं ठरवलं आणि वाळवणाची पायरी लिहायचं काम आपल्या दोघींवर सोपवलं. ज्यांनी सोपवलं त्यांना आपली पुरेशी ओळख नसावी. बाकीची सगळी पुस्तिका तयार झाली. अडली ती आपली एक ओळ. आणि ती ओळ साधी नव्हती, हे तुलाही ठाऊक होतं, मलाही. डोंगरातल्या सेमाडोहहून उतरलेलं पोर असो की अचलपूरचं, ते पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच डोळे मिटून करणार. आपण चुकीचं सोपं लिहिलं तर त्याचा प्रयोग बिघडणार आणि चुकीचं अवघड लिहिलं तर त्याचा हात भाजणार.

हात म्हटलं की मला एम.एस्सी.चं वर्ष आठवतं.

तू तेव्हा रोज अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला यायचीस आणि तिथून अमरावतीला. येईपर्यंत अर्धी झोपलेली असायचीस. तुझे अब्बा धान्याचे व्यापारी, तुरीचा दाणा दाताखाली फोडून त्यात ओल किती ते सांगणारे. "पाणी ओळखणं माह्या खानदानात हाय," असं तू ऐटीत म्हणायचीस. आपलं टेबल एकच होतं. त्या काळी इथर कोरडं करायला सोडियमची तार घालायचे. लोखंडी यंत्रात धातूचा तुकडा ठेवायचा, जड दांडा फिरवायचा, आणि शेवयांच्या साच्यातून शेवया पडाव्या तशी तार थेट बाटलीत पडायची. ते काम तुला फार आवडायचं. दांडा फिरवताना तुझा चेहरा ईदच्या आदल्या दिवशीसारखा व्हायचा.

त्या दिवशी तुला सर्दी झाली होती. टेबलावर दोन बाटल्या होत्या, एक इथरची, एक क्लोरोफॉर्मची. दोन्ही पाण्यासारख्या, दोन्हींवरची शाई ओघळलेली. तू बाटली यंत्राखाली ठेवलीस, बूच काढलंस, दांड्याला हात घातलास, आणि मला वास आला. इथरचा वास मला पाठ होता. हा तो नव्हता. हा जड होता, गोड होता. सोडियम आणि क्लोरोफॉर्म एकत्र आले तर स्फोट होतो, हे आपण दोघींनी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मला ओरडायचं सुचलंच नाही. मी तुझं मनगट धरलं.

"काहून वं, जीव घेतं का माहा?"

मी नुसतं बाटलीकडे बोट केलं. तू ती खालून काढून हातात तोललीस. इथर हलकं असतं, क्लोरोफॉर्म त्याच्या दुपटीनं जड. वजन हाताला कळलं तशी तू ती खाली ठेवलीस, सावकाश, काचेचा आवाजही होऊ न देता. तुझ्या मनगटावर माझ्या बांगडीचा लालबुंद वळ उठला होता. तू तो चोळत म्हणालीस, "चाल, चहा पाज." आपण कँटीनमध्ये गेलो. तू दोन कप प्यायलीस आणि एक समोसा माझ्या ताटलीतला खाल्लास.

त्यानंतर त्या दिवसाचा विषय आपल्यात कधी निघाला नाही. मला आभार नको होते. पण कधीकधी मनात यायचं, की हिच्या लक्षात तरी आहे का? माझ्या मात्र हाडात बसलं. मी सुरक्षिततेचं वेड घेतलं ते तेव्हापासून. तू मला 'चष्मेवाली म्हातारी' म्हणायचीस कारण मी डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय कोणाला बीकरला हात लावू देत नाही. म्हण. पण माझ्या प्रयोगशाळेत सोडियमची तार नंतर कधी आली नाही, आणि तुझ्याही प्रयोगशाळेत नाही आली, हे मी बघून ठेवलं होतं.

नोकऱ्या लागल्या, तू तिकडे, मी इकडे. मग आपण मूर्तिजापूर शोधून काढलं. अकोला आणि अमरावतीच्या मधोमध, दोघींनाही सारखंच जवळ आणि सारखंच गैरसोयीचं. एखाद्या रविवारी तू पूर्वेची गाडी पकडायचीस, मी पश्चिमेची, आणि फलाटावरच्या त्याच बाकावर आपली सभा भरायची. डबे उघडायचे, पोरांची गाऱ्हाणी व्हायची, सासरची व्हायची, आणि मग पिशवीतून बाटल्या निघायच्या. कारण तुझ्या कॉलेजात एक क्षार संपलेला असायचा, माझ्यात दुसरा. लोक मैत्रिणीला साडी नेतात. तू मला काचेच्या बरणीत मॅग्नेशियम सल्फेट आणायचीस.

त्या हवालदाराची आठवण आहे ना? पांढऱ्या पावडरीची बरणी एका बाईकडून दुसरीकडे जाताना बघून तो बिचारा काठी टेकत आला. "काय हाय मॅडम हे?" मी घाबरून रासायनिक सूत्र सांगायला लागले. तू मला गप्प केलंस.

"काई नाई साहेब, जुलाबाचं औषध हाय. घेता का चमचाभर?"

तो म्हणाला, "कायले? आधीच ड्युटी भारी हाय." आणि हसत निघून गेला. आणि तू खोटंही बोलली नव्हतीस. त्याच क्षाराचं पाण्यासकटचं रूप आपल्या आजोबांच्या काळी पोट साफ करायला द्यायचे. मी तासभर तुझ्यावर चिडले होते आणि गाडीत बसल्यावर एकटीच हसत सुटले होते. समोरची बाई जागा बदलून गेली.

मग तो मे महिना आला, ज्यानं आपलं भांडण खरं भांडण केलं. तुझ्याकडे उन्हाळी परीक्षा चालू होती, कूलर बंद पडला होता, आणि तुझा फोन आला.

"सुनंदा, तुह्यं सोडियम सल्फेट सुट्टीवर गेलं पाय."

"काय झालं?"

"अवं, पावडर टाकली तर मस्त मोकळी फिरून राहिली. पोट्टे खूश, की वाळलं. अन् सॉल्व्हंट उडवलं की तळाशी पाण्याचे थेंब! सगळ्यायचंच तसं. हातावर हात धरून बसले पोट्टे."

मोकळी फिरणारी पावडर, हा तुझाच शोध होता. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, की पावडर बर्फासारखी भुरभुरली म्हणजे द्रव कोरडा झाला. आपण बर्फ पडताना बघितला होता कुठे? तू मुलांना सांगायचीस, "रवा मोकळा झाला की बस." गोळे बांधले म्हणजे अजून ओल आहे, आणखी टाका. मोकळा फिरला म्हणजे झालं. माझ्याकडची मुलंही तेच म्हणतात, मीच शिकवलंय. आणि त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "माहा रवा उन्हाळ्यात खोटं बोलते वं."

कारण आपण दोघींनी मिळून शोधलं, रात्री फोनवर, तुझ्याकडे एक पुस्तक, माझ्याकडे एक. सोडियम सल्फेट पाणी धरतं ते स्फटिकात बांधून. पण बत्तीस अंशांच्या थोडं वर गेलं की ते स्फटिक पाणी सोडून देतात. तुझी प्रयोगशाळा दुपारी चाळिशीच्या पुढे असायची. तिथे ती पावडर पाण्याला हात लावायलाच तयार नव्हती. म्हणून गोळे नाहीत, म्हणून रवा मोकळा. ओला आणि मोकळा. पुस्तक म्हणत होतं, 'सामान्य तापमानाला वापरा'. तू विचारलंस, "कोनाच्या घरचं सामान्य? ह्या लिहिणाऱ्याच्या खोलीत मे महिना येतच नाई का?"

तिथून तू मॅग्नेशियम सल्फेटची झालीस. ते भराभर पाणी ओढतं आणि उन्हाला भीत नाही. मी म्हटलं, पण ते पाणी ओढताना तापतं. पोरानं मूठभर एकदम ओतलं तर सॉल्व्हंट उसळून तोंडावर येईल. शिवाय ते जरासं आम्लधर्मी आहे, नाजूक पदार्थ बिघडवेल. तू म्हणालीस, चिमटीनं टाकायला शिकव. मी म्हटलं, त्यापेक्षा फ्लास्क बर्फात ठेव आणि माझं साधंभोळं सोडियम सल्फेटच टाक. तू म्हणालीस, बर्फ कुठून आणू, कॉलेजचा फ्रीज तर साहेबांच्या ताकासाठी आहे. मी म्हटलं, रसवंतीतून आण. त्यावर तू इतकी हसलीस, की इकबालभाई उठून बघायला आले. ते भांडण त्या रात्री सुरू झालं आणि अजून चालू आहे, बाई.

एक भांडण मात्र मी स्वच्छ जिंकले होते, ते इथे लिहून ठेवते. उन्हात ही पावडर पाणी सोडते हे कळल्यावर तुझ्या डोक्यात आलं, की मग वापरलेली पावडर फेकायची कशाला? गच्चीवर टाका, अकोल्याचं ऊन आहे, फुकटची भट्टी. ही अक्कल जगात दुसरीकडे कुठे सुचली नसती. मी नको नको म्हणत असताना तू कॉलेजच्या गच्चीवर परातींत पावडर पसरलीस, वर तुझी जुनी ओढणी बांधलीस. शेजारीच चौकीदाराच्या बायकोनं, कांताबाईनं, कुरड्या घातल्या होत्या. दुपारी वावटळ आली. ओढणी उडाली, पराती उलटल्या, आणि तुझं वाळवण आणि तिचं वाळवण एक झालं.

कांताबाई म्हणाली, "मॅडम, मीठच हाय नं? झटकून घेतो."

तेवढं तरी तुला सुचलं, की तू त्या कुरड्यांना कोणाला हात लावू दिला नाहीस. वापरलेल्या पावडरीला मुलांनी बनवलेलं काय काय चिकटलेलं असतं, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? सगळ्या टाकून दिल्या, नीट बांधून, वेगळ्या. आणि मग कांताबाईच्या घरी जाऊन, गव्हाचा चीक ढवळत, साचा दाबत, नव्यानं कुरड्या घालून दिल्यास. तुझ्या कुरड्या वेड्यावाकड्या आल्या म्हणून ती तुला हसली. तू मला फोनवर म्हणालीस, "बोल आता, काय बोलायचं ते." मी पुष्कळ बोलले. तू मुकाट ऐकलंस. आयुष्यात एकदाच.

तुझा शेवटचा फोन पुस्तिकेसाठीच होता. मी म्हटलं, सोडियम सल्फेट लिहिते आणि विषय संपवते. तू म्हणालीस, "असं कर. मे महिन्यात अकोल्याले येजो. दुपारी माह्या लॅबमध्ये बस. दोन फ्लास्क ठेवतो मी, एकात तुह्यं, एकात माह्यं. तुह्या डोयानं पाय, अन् मग लिही."

मी म्हटलं, "एवढ्या उन्हात कोण येतं अकोल्याला?"

तू म्हणालीस, "हो बावा, अमरावतीवाले तुमी थंड हवेचे लोकं."

आणि मी आले, नुसरत. मे महिन्यातच आले. दुपारीच आले.

तुझ्या घरात बाया जमिनीवर बसून पठण करत होत्या. मी दाराशी बसले. तुला नेलं तेव्हा गल्लीत उभी राहिले, आणि मला पहिल्यांदा कळलं की तू म्हणायचीस ते ऊन म्हणजे काय. चपलेतून पाय भाजत होते. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. एवढी पाणी ओळखणारी बाई, स्वतःच्या छातीतलं दुखणं तिला ओळखू आलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी तुझे विद्यार्थी उभे होते. त्यांतली एक मुलगी पुढे आली. राधिका तिचं नाव, अचलपूरची, होस्टेलवर राहते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी अमरावतीच्या मॅडम नं? हात धरनाऱ्या?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी तू बाही वर करायचीस, पोरांना रिकामं मनगट दाखवायचीस आणि म्हणायचीस, "इथं एका बाईनं धरलं होतं, म्हणून मी उभी हाय. बाटलीवरचं नाव वाचता नाई आलं तर ते बाटली तुमच्यासाठी नाई. अन् शेजाऱ्याचा हात धरायले लाजू नका." दरवर्षी, नुसरत. इतक्या बॅचेस. आणि मला एका शब्दानं नाही. मूर्तिजापूरच्या बाकावर आपण कशाकशावर बोललो, तुझ्या नणंदेच्या भिशीवर बोललो, पण हे नाही बोललीस. मी त्या गल्लीत, त्या उन्हात, त्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती बिचारी नुसती उभी राहिली, सरळ, हलली नाही.

जाताना ती म्हणाली, "मॅडम, तुमी येनार म्हणून त्यायनं दोन फ्लास्क काढून ठेवले होते. ते तसेच हायेत."

मग काय, मला परत यावंच लागलं. परवाचीच गोष्ट सांगते. तुझ्या विभागप्रमुखांना विचारून, सुट्टीत, भर दुपारी मी तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. तुझी खुर्ची कोणी हलवली नव्हती. मी तिच्यात नाही बसले, स्टूल घेतलं. राधिका आणि आणखी तिघं-चौघं आली होती. भिंतीवरचा पारा चाळीसच्या वर. मी सगळ्यांना गॉगल लावायला लावले. पोरं म्हणाली, "मॅडम सांगतच होत्या."

दोन्ही फ्लास्कमध्ये सारखंच सॉल्व्हंट, पाण्यासोबत हलवून वेगळं केलेलं. एकात माझं सोडियम सल्फेट, एकात तुझं मॅग्नेशियम सल्फेट. माझं लगेच मोकळं फिरायला लागलं, अगदी भाजलेल्या रव्यासारखं. कोणीही म्हणालं असतं, झालं. तुझ्यानं आधी गोळे धरले, मग आणखी दोन चिमट्या टाकल्यावर ते मोकळं झालं. मग आम्ही दोन्ही गाळून पांढऱ्या कॉपर सल्फेटवर घातलं. पाण्याचा अंश लागला की ते निळं पडतं. तुझं पांढरंच राहिलं. माझं निळं झालं, डोळ्यांदेखत, निर्लज्जासारखं.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना वाटलं असेल, आता म्हातारी हरली. मी म्हटलं, "थांबा. रसवंतीतून बर्फ आणा."

हो, आणला. तिसरा फ्लास्क मी बर्फात ठेवला, चांगला गार होऊ दिला, मग माझं सोडियम सल्फेट टाकलं. त्यानं गोळे धरले बघ! आणखी टाकलं, वेळ दिला, गाळलं. कॉपर सल्फेट पांढरं राहिलं. मी टाळी वाजवली. तुझ्या प्रयोगशाळेत, तुझ्या पोरांसमोर, एकटीनं टाळी वाजवली, आणि मग वळून बघितलं की तू काय म्हणतेस.

तेवढा एक क्षण वाईट होता. बाकी दुपार छान गेली.

पुस्तिकेतली ओळ मी तिथेच बसून लिहिली. ओळ होती, तिचं पान झालं. अल्कोहोल असेल तर कॅल्शियम क्लोराइड नको, ते अल्कोहोललाच धरून बसतं. अमाइन असेल तर पोटॅशियम कार्बोनेट. क्लोरिन असलेल्या सॉल्व्हंटजवळ सोडियम कधीच नाही, हे सगळ्यांत ठळक. गारव्यात सोडियम सल्फेट, उन्हाळ्यात मॅग्नेशियम सल्फेट चिमटीनं, नाहीतर बर्फ. पण पहिली ओळ कोणत्याच पावडरीची नाही. पहिली ओळ आहे: 'आधी पाहा, बाहेर किती तापलं आहे.' समितीतले साहेब म्हणतील, ही शास्त्रीय भाषा नाही. म्हणू देत. त्यांना मी मे महिन्यात अकोल्याला बोलावीन.

मला तुझी फार आठवण येते गं. भांडायला कोणी नाही म्हणून नाही, भांडणारे खूप आहेत. तुझ्याशी भांडताना मी शहाणी व्हायचे, म्हणून.

आवराआवर चालू होती. राधिकाला स्वतःच्या हातानं एकदा करून बघायचं होतं, म्हणून तिनं नवा फ्लास्क घेतला. मी हात धुवत होते. वळून बघते तर पोरीनं मॅग्नेशियम सल्फेटचा वाडगाच उचललेला, कोमट फ्लास्कवर सगळा ओतायच्या बेतात. मला ओरडायचं सुचलं नाही. ते मला कधीच सुचत नाही. मी जाऊन तिचं मनगट धरलं.

वाडगा तिच्या हातातच राहिला. मी हात सोडला तेव्हा तिथे माझ्या बांगडीचा वळ उठला होता.

"चिमटीनं," मी म्हटलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. पण ती फ्लास्ककडे बघत नव्हती. मनगटाकडे बघत होती. मग तिनं ते बाकीच्यांपुढे धरलं आणि म्हणाली, "पाहा रे. मले पन धरलं."

नंतर आम्ही सगळे चहाला गेलो. एवढ्या उन्हात, पूर्ण बाहीचा कुर्ता घातलेली ती पोरगी बाही वर करूनच फिरत होती.